अनेक देशांच्या टीममध्ये निर्णय कसा घ्यावा

अनेक देशांतली माणसं एकत्र काम करतात तेव्हा निर्णय अडतो, तो बहुतेक वेळा मतभेदामुळे नाही. व्हिडिओ कॉलवर सगळे मान डोलावतात, कॉल संपतो आणि दोन आठवड्यांनी कळतं की एका गटाने काम सुरू केलं आहे, दुसरा वरिष्ठांच्या होकाराची वाट पाहत बसला आहे आणि तिसऱ्याच्या लेखी ती फक्त पहिली चर्चा होती. तिघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. निर्णय झाला हे कशावरून मानायचं, पुरावा किती पुरे, विरोध कुठे नोंदवायचा, हे आधी कुणी ठरवलेलंच नसतं.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘समोरच्याची संस्कृती समजून घ्या’. हेतू चांगला आहे, पण पाच देशांसाठी पाच तक्ते पाठ करून मीटिंग चालत नाही. त्यापेक्षा निर्णयाची पद्धतच अशी आखावी की वेगवेगळ्या रीतीने विचार करणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणं तिच्यात उतरेल. पुढे ती पद्धत टप्प्याटप्प्याने दिली आहे. प्रत्येक टप्पा कशासाठी आहे हे कळलं तरच तो नीट वापरता येतो, म्हणून आधी संशोधनात काय हाती लागलं आहे ते पाहू.

फरक कुठे दिसतात

संस्कृतीनुसार विचाराची रीत कशी बदलते, या विषयात मानसशास्त्रज्ञ ताकाहिको मासुदा आणि रिचर्ड निस्बेट यांचा २००१ सालचा प्रयोग नेहमी सांगितला जातो. क्योतो आणि मिशिगन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना पाण्याखालच्या दृश्यांच्या छोट्या फिती दाखवून काय दिसलं ते विचारलं. पुढे पोहणाऱ्या मोठ्या माशाबद्दल दोन्ही गट जवळपास सारखंच बोलले. पण पाणी, वनस्पती, तळ अशा पार्श्वभूमीचे उल्लेख जपानी विद्यार्थ्यांनी अमेरिकनांपेक्षा ६० टक्क्यांहून अधिक केले. नंतर तेच मासे वेगळ्या पार्श्वभूमीवर दाखवले तेव्हा जपानी विद्यार्थ्यांना ते ओळखणं जड गेलं, अमेरिकनांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. एकाच्या मनात वस्तू तिच्या परिस्थितीसकट राहते, दुसऱ्याच्या मनात परिस्थितीतून सुटी होऊन. पहिल्या रीतीला समग्र विचार म्हणतात, दुसरीला विश्लेषक विचार.

मीटिंगमध्ये हे असं उमटतं: प्रस्ताव ऐकल्यावर समग्र रीतीने विचार करणारा सहकारी विचारतो, ‘याचा त्या दुसऱ्या कामावर काय परिणाम होईल? तिकडच्या लोकांशी बोलणं झालं आहे का?’ विश्लेषक सहकाऱ्याला हे विषयांतर वाटतं. तो म्हणतो, ‘आधी या एका मुद्द्याचा निकाल लावू.’ पहिल्याला तो उतावळेपणा वाटतो.

दुसरा फरक विरोधी पुराव्याबाबतचा आहे आणि निर्णयाच्या दृष्टीने मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. काइपिंग पेंग आणि निस्बेट यांनी १९९९ मध्ये चिनी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर एकमेकांना छेद देणारे दोन निष्कर्ष ठेवले. त्यांतला एक जास्त पटण्याजोगा होता, दुसरा कमी. फक्त भक्कम निष्कर्ष वाचणाऱ्या अमेरिकनांपेक्षा, त्याच्या विरोधातला कच्चा निष्कर्षही वाचणाऱ्या अमेरिकनांचा भक्कम निष्कर्षावरचा विश्वास जास्त होता. चिनी विद्यार्थ्यांनी दोन्हींना जवळपास सारखं माप दिलं. इतकं, की कच्च्या निष्कर्षाला तो एकटा असताना दिला नसता तेवढा मान विरोधी निष्कर्षासोबत दिला. हे बारकाईने वाचायला हवं, कारण यात दोघेही चुकतात. विरोधात पुरावा आला म्हणून आपली खात्री वाढण्याचं काहीच कारण नाही, आणि समोर दुसरी बाजू आली म्हणून कच्च्या बाजूची किंमत वाढण्याचंही नाही. एक रीत शहाणी आणि दुसरी मागासलेली, असा याचा अर्थ लावणाऱ्याने प्रयोग अर्धाच वाचला आहे.

तिसरा फरक, घडलेल्या गोष्टीचं कारण कुठे शोधायचं याचा. मायकेल मॉरिस आणि पेंग यांनी १९९४ मध्ये, अमेरिकेत १९९१ साली घडलेल्या दोन हत्याकांडांच्या बातम्या तपासल्या. इंग्रजी वृत्तपत्राचा भर मारेकऱ्याच्या स्वभावावर होता, चिनी भाषेतल्या वृत्तपत्राचा त्याच्या भोवतालच्या परिस्थितीवर. एका प्रकरणातला मारेकरी चिनी आणि दुसऱ्यातला अमेरिकन असूनही हा कल तोच राहिला. त्याआधी, १९८४ मध्ये, जोन मिलर यांनी शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांची तुलना केली होती. लहान मुलांमध्ये फरक नगण्य होता. वय वाढत गेलं तसे शिकागोचे लोक स्वभावाकडे आणि म्हैसूरचे परिस्थितीकडे अधिकाधिक बोट दाखवू लागले. म्हणजे ही सवय जन्मजात नाही, माणूस ती वाढता वाढता उचलतो.

पुढे काय होईल याच्या अंदाजातही असाच कल दिसतो. ली-जुन जी आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या अभ्यासात चढता किंवा उतरता आलेख पुढे उलटेल असं चिनी सहभागींना जास्त वाटलं, तर अमेरिकनांना तो त्याच दिशेने चालत राहील असं. आणि निवड कुणी करायची याबाबतचा शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा १९९९ चा प्रयोग: ७ ते ९ वर्षांच्या मुलांना अक्षरं जुळवण्याची कोडी दिली. गौरवर्णी अमेरिकन मुलांनी स्वतः निवडलेली कोडी सर्वांत चांगली सोडवली. आशियाई वंशाच्या अमेरिकन मुलांची कामगिरी सर्वांत चांगली झाली ती आईने निवडली आहेत असं सांगितलेल्या कोड्यांवर. ‘तुझं तू ठरव’ हे वाक्य सगळ्यांना सारखंच बळ देत नाही, हे टीम चालवणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

देश पाहून माणूस ओळखू नका

वरचे सगळे आकडे गटांच्या सरासरीचे आहेत. दोन्ही गटांतली पुष्कळ माणसं एकमेकांच्या पट्ट्यात येतात. खेर्त हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहण्यांवरून देशांचे गुणांक काढले आणि ते आजही प्रशिक्षणवर्गांत फिरतात. पण देशाचा गुणांक एकेका व्यक्तीला चिकटवू नये, हे खुद्द हॉफस्टेड यांनीच बजावून सांगितलं होतं.

देशाच्या आतही फरक आहेत. थॉमस टॅलहेल्म आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये चीनमधल्या १,१६२ हान विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. भातशेतीच्या प्रांतांतले विद्यार्थी गव्हाच्या प्रांतांतल्यांपेक्षा जास्त समग्र रीतीने विचार करणारे निघाले. तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकाठच्या भागात शेतकरी आणि मच्छीमार एका बाजूला आणि मेंढपाळ दुसऱ्या बाजूला, असाच फरक २००८ मध्ये आढळला. शिनोबू कितायामा यांच्या २००३ च्या प्रयोगात चौकटीतल्या रेषेची लांबी कधी चौकटीच्या प्रमाणात, तर कधी चौकट वगळून जोखायची होती. त्यात परदेशी राहणारी माणसं यजमान देशाच्या कलाकडे झुकलेली दिसली. म्हणून समोरच्याचा पासपोर्ट पाहून त्याच्या विचाराची रीत ओळखायला जाऊ नये. त्याचं शिक्षण, पेशा आणि आजवर कुठे काम केलं, या गोष्टी तितक्याच बोलक्या असतात.

दोन समजुती तर मनातून काढूनच टाकाव्यात. पहिली, जपानी माणूस उत्तर द्यायला वेळ घेतो. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १० भाषांतल्या संभाषणांत प्रश्न संपल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ मोजला. जपानीत तो सरासरी ७ मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ शून्य निघाला, डॅनिशमध्ये ४६९. मीटिंगमध्ये जपानी सहकारी गप्प राहतो तेव्हा बहुधा तो दुसऱ्या भाषेत वाक्य जुळवत असतो. दुसरी समजूत, वरिष्ठांपुढे दबणं ही पूर्वेकडचीच गोष्ट. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसं गेली. धावपट्टीवर निघालेल्या डच विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने ‘समोरचं विमान अजून हटलेलं नाही का?’ अशी शंका काढली होती. अत्यंत ज्येष्ठ असलेल्या कॅप्टनने ठामपणे ‘हटलंय’ म्हटलं आणि तो विषय तिथेच संपला. हॉफस्टेड यांच्या तक्त्यात नेदरलँड्स हा वरिष्ठ-कनिष्ठांतलं अंतर कमी मानणारा देश आहे. वैमानिकांना देशोदेशीचे स्वभाव शिकवून हा प्रश्न सुटला नाही. १९७९ मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेपासून पुढे कॉकपिटमधल्या बोलण्याचीच रीत ठरवली गेली: शंका कुणी, कशी मांडायची आणि तिला काय उत्तर द्यायचं. ऑफिसातल्या निर्णयांसाठीही मला हाच मार्ग खात्रीचा वाटतो.

पहिला टप्पा: एका पानाचं निर्णयपत्र

काय ठरवायचं याआधी कसं ठरवायचं ते लिहा. पान एकच, आणि त्यात एवढं:

१. प्रश्न, एका वाक्यात, प्रश्नचिन्हासह.
२. शेवटचा शब्द कुणाचा: एका व्यक्तीचा (नावासकट), बहुमताचा की सर्वसंमतीचा.
३. कुणाचा सल्ला घेणार आणि कुणाला फक्त कळवणार.
४. तारीख: सूचना कधीपर्यंत, निर्णय कधी.
५. निर्णय फिरवता येतो का, आणि फिरवला तर काय आणि किती वाया जाईल.
६. कोणत्या गोष्टी आधीच ठरल्या आहेत आणि या चर्चेत उघडायच्या नाहीत.
७. निर्णय पुन्हा कधी आणि कशामुळे उघडता येईल.

सर्वांत जास्त घोळ दुसऱ्या आणि सातव्या ओळीत होतो. जुन्या वळणाच्या जपानी कंपन्यांत ‘रिंगी’ नावाची रीत आहे. खालच्या पातळीवर तयार झालेला लेखी प्रस्ताव संबंधित विभागांतून फिरतो, प्रत्येक जण त्यावर आपला शिक्का उमटवतो आणि शेवटी तो वरच्या अधिकाऱ्याकडे पोचतो. याला वेळ लागतो, पण शेवटचा शिक्का पडेपर्यंत राबवणाऱ्या प्रत्येकाला प्रस्ताव ठाऊक झालेला असतो. त्यामुळे अंमलबजावणी वेगाने होते आणि मागाहून बदल सहसा होत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्यांत याउलट एक मॅनेजर लवकर निर्णय घेतो, काम सुरू होतं आणि वाटेत सुधारणा होत राहतात. हे दोघे एका टीममध्ये आले की पहिल्याला दुसरा धरसोड करणारा वाटतो, दुसऱ्याला पहिला अडेलतट्टू. ‘३० दिवसांनी एकदा फेरविचार, मध्ये बदल फक्त अमुक घडलं तर’ असं सातव्या ओळीत लिहिलेलं असलं की हा संघर्ष बराच कमी होतो.

एक चूक टाळा: खरा निर्णय मॅनेजर घेणार असताना दुसऱ्या ओळीत ‘सर्वसंमती’ लिहू नका. कुणालाही दुखवायचं नाही म्हणून हे केलं जातं आणि नंतर त्याचीच सर्वांत मोठी दुखापत होते.

दुसरा टप्पा: मीटिंगच्या आधी एकेकाशी बोलणं

जपानीत याला ‘नेमावाशी’ म्हणतात. औपचारिक चर्चेआधी ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्याशी वेगवेगळं बोलून घ्यायचं. मोठ्या मीटिंगमध्ये तोंड न उघडणारा माणूस इथे मोकळा होतो, आणि समग्र रीतीने विचार करणाऱ्याला दिसणारे लांबचे धागेही इथेच हाती लागतात.

मीटिंगच्या तीन ते पाच कामकाजाचे दिवस आधी प्रत्येकी २० ते ३० मिनिटं पुरतात. आठांहून जास्त लोक असतील तर प्रत्येक विभागातून एक निवडा. तीन प्रश्न विचारा: यात तुमचं काय अडेल? या पानात काय लिहायचं राहिलं आहे? आणि ज्याच्याशी मी बोलायलाच हवं असं आणखी कोण आहे? तिसऱ्या प्रश्नाने अनेकदा असं नाव मिळतं जे अधिकृत रचनेत कुठेच नसतं, पण ज्याच्या होकाराशिवाय काम पुढे सरकत नाही.

इथे आश्वासनं गोळा करू नका. ‘तुमचा पाठिंबा धरू ना?’ असं विचारलं की मीटिंग नाटक होऊन बसते. एकाचं म्हणणं दुसऱ्याला नावानिशी सांगू नका. आणि खुल्या वादाची सवय असलेल्यांना या गाठीभेटी पाठीमागची खलबतं वाटू शकतात, म्हणून निर्णयपत्रातच लिहा: ‘अमुक तारखेपर्यंत सर्वांशी एकेकटं बोलणं होईल. निघालेले मुद्दे नावांशिवाय या पानाला जोडले जातील.’ उघड सांगितलेली भेट कुणाला खटकत नाही.

तिसरा टप्पा: टिपण दोन्ही बाजूंनी वाचता येईल असं लिहा

टिपण मीटिंगच्या निदान ४८ तास आधी पाठवा. दुसऱ्या भाषेत वाचणाऱ्याला हा वेळ लागतोच. ज्याला आपण ‘सांस्कृतिक संकोच’ म्हणतो त्यातला बराचसा भाग निव्वळ भाषेचा असतो. वाक्यं छोटी ठेवा आणि म्हणी, खेळांतले वाक्प्रचार, अर्ध्यात सोडलेले विनोद गाळा.

पहिल्या पाच ओळींत शिफारस आणि हवा असलेला निर्णय द्या. विश्लेषक वाचक इथे समाधानी होतो. त्यानंतर लगेच अर्ध्या पानाची पार्श्वभूमी: हा प्रश्न कसा उभा राहिला, आधी काय करून पाहिलं, कोणकोणत्या कामांशी त्याचा संबंध आहे, कुणाला काय सोसावं लागेल. समग्र वाचकाला शिफारस पटायची तर हे आधी दिसावं लागतं, म्हणून ते परिशिष्टात ढकलू नका.

मग पर्याय. ते किमान तीन असावेत आणि त्यांत ‘काहीच न करणं’ हा एक असावा. प्रत्येकाखाली एक ओळ: हा पर्याय योग्य ठरायचा तर काय खरं असावं लागेल? पुरावे परस्परविरोधी असतील तर ‘हा पुरावा कोणत्या परिस्थितीत लागू पडतो’ आणि ‘तो किती भक्कम आहे’ हे दोन वेगळे रकाने ठेवा. पेंग आणि निस्बेट यांच्या प्रयोगातल्या दोन्ही चुकांवर हा इलाज आहे. पहिला रकाना घाईने एक बाजू फेकून देण्याला आवर घालतो. दुसरा, केवळ दोन बाजू आहेत म्हणून त्यांना समान माप देण्याला.

मधल्या मार्गाबद्दल मात्र कडक राहा. काही पर्याय खरोखरच एकत्र करता येतात, काही येत नाहीत. दोन वेगळ्या प्रणालींपैकी एक निवडायची असताना ‘थोडी ही, थोडी ती’ असा तोडगा निघाला तर खर्च दोन्हींचा येतो आणि फायदा एकीचाही धड मिळत नाही. कोणते पर्याय जोडता येतात आणि कोणते नाहीत, हे टिपणातच स्पष्ट लिहा.

अंदाज देताना एकच रेषा पुढे ओढू नका. ‘आजचा कल असाच राहिला तर’ आणि ‘उलटला तर’ अशा दोन ओळी द्या, आणि कल उलटल्याची पहिली खूण कोणती तेही लिहा.

चौथा टप्पा: मीटिंगमध्ये आधी लिहायचं, मग बोलायचं

सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत रेषेची लांबी उघड दिसत असूनही, गटाने एकमुखाने चूक उत्तर दिलं की सुमारे एक तृतीयांश वेळा सहभागी गटाच्या चुकीमागे गेले. हे सहभागी अमेरिकन होते. पुढे १९९६ मध्ये रॉड बॉण्ड आणि पीटर स्मिथ यांनी १७ देशांतल्या अशा १३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा समूहाला महत्त्व देणाऱ्या देशांत हे प्रमाण जास्त आढळलं. प्रमाण कमीजास्त असलं तरी मोह सगळ्यांनाच होतो. म्हणून पहिलं मत दुसऱ्याचं ऐकण्याआधी कागदावर उतरलं पाहिजे.

सुरुवातीची दहा मिनिटं सगळे शांतपणे लिहितील. सामायिक फाइलमध्ये, पहिल्या फेरीत नावांशिवाय. मीटिंग चालवणारा ते मोठ्याने वाचेल. मग बोलायला सर्वांत नव्या माणसापासून सुरुवात, आणि निर्णय घेणारा सर्वांत शेवटी. वरिष्ठाने सुरुवातीलाच ‘मला वाटतं दुसरा पर्याय बरा, पण तुम्ही मोकळेपणाने बोला’ असं म्हटलं की पुढची सगळी चर्चा वाया गेली असं समजावं.

‘कुणाला काही अडचण आहे का?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याला उत्तर देणारा आपोआप अडचण निर्माण करणारा ठरतो. त्याऐवजी काम म्हणून टीका मागा. यासाठी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची एक रीत फार उपयोगी आहे: ‘एक वर्ष उलटलं आहे आणि हा निर्णय पूर्ण फसला आहे. तो का फसला याची कारणं प्रत्येकाने तीन मिनिटांत लिहा.’ इथे कारण लिहिणं म्हणजे प्रस्तावाला विरोध नसतो, दिलेलं काम पुरं करणं असतं. त्यामुळे वरिष्ठाचा मान राखायची सवय असलेला माणूसही मोकळ्या मनाने लिहितो. कारणं तपशिलात हवीत. ‘संवाद कमी पडला’ असं कुणी लिहिलं तर ‘कुणाचा कुणाशी, कोणत्या आठवड्यात?’ असं विचारा.

प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. हे अंतर भरून काढायचा मोह फार होतो, आणि सहसा ज्याची ती भाषा मातृभाषा आहे तोच ते भरून टाकतो. व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायला लागणारा वेळही त्यात धरा.

पाचवा टप्पा: मत मोजताना

१ ते ५ च्या मापावरची सरासरी मिश्र टीममध्ये फसवते. १९९५ मधल्या एका तुलनेत जपानी आणि चिनी विद्यार्थ्यांनी मापाच्या मधल्या आकड्याला जास्त पसंती दिली, अमेरिकन विद्यार्थ्यांनी टोकाच्या आकड्यांना. एकाचा ३ आणि दुसऱ्याचा ५ यांत खरा फरक किती, हे त्या सरासरीतून कळतच नाही. त्यापेक्षा पर्यायांना क्रम लावायला सांगा, किंवा कृतीच्या भाषेत चार उत्तरं द्या: ‘मी स्वतः हे राबवायला तयार आहे’, ‘तयार आहे, पण या अटीवर’, ‘मला पटत नाही, तरी आड येणार नाही’, ‘यात अमुक दोष आहे, तो निघेपर्यंत थांबावं’. दुसऱ्या आणि चौथ्या उत्तराबरोबर एक ओळ लिहिणं सक्तीचं करा.

खात्री टक्क्यांत विचारत असाल तर ‘पूर्वेकडचे लोक नम्र, ते कमीच सांगणार’ असं गृहीत धरून आकडे मनातल्या मनात वाढवू नका. फ्रँक येट्स यांच्या अभ्यासांत सामान्यज्ञानाच्या प्रश्नांवर चिनी सहभागींचा अतिआत्मविश्वास अमेरिकनांपेक्षा जास्त निघाला आणि जपानी सहभागींचा कमी. शेजारचे दोन देश दोन बाजूंना, तेव्हा अंदाजाने दुरुस्ती करण्यात काही अर्थ नाही.

सहावा टप्पा: होकार पक्का करणं

होकार खरा आहे का हे ‘नक्की ना?’ विचारून कळत नाही, त्याने फक्त आणखी एक ‘हो’ मिळतो. पहिलं काम कोणतं, ते कोण आणि कोणत्या तारखेला करणार, हे विचारा. उत्तर मोघम आलं, ‘बघतो’, ‘प्रयत्न करू’, किंवा विषय दुसरीकडे वळला, तर अजून कुणाशी तरी बोलायचं राहिलं आहे असं समजा आणि त्या व्यक्तीला सर्वांसमोर टोकू नका. त्याच दिवशी तिला वेगळा फोन करा.

२४ तासांच्या आत निर्णय, त्यामागची तीन-चार कारणं आणि नाकारलेले पर्याय लिहून पाठवा. आक्षेपांसाठी दोन कामकाजाचे दिवस द्या. ‘उत्तर आलं नाही तर संमती धरू’ ही ओळ मात्र मिश्र टीममध्ये घालू नका. कुणासाठी ती निव्वळ सोय असते, तर कुणाला स्वतःच्या वरिष्ठाला विचारल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. प्रत्येकाकडून एक ओळीचं लेखी उत्तर घ्या.

सातवा टप्पा: नंतरचा आढावा

निर्णय घेतानाच प्रत्येकाचा अंदाज लिहून ठेवा: काय होईल, कधीपर्यंत, किती खात्रीने. इनचोल चोई आणि निस्बेट यांनी २००० मध्ये दाखवलं की निकाल कळल्यावर कोरियन सहभागींना अमेरिकनांपेक्षा कमी आश्चर्य वाटतं. अनेक कारणांची जाणीव ठेवणाऱ्याला घडलेल्या कुठल्याही गोष्टीचं कारण चटकन सापडतं, त्यामुळे ‘हे होणारच होतं’ असं वाटून शिकायचं राहून जातं. विश्लेषक रीतीचा धोका वेगळा: एका माणसाच्या माथी दोष मारून फाइल बंद.

म्हणून आढाव्याच्या कागदावर दोन रकाने ठेवा, ‘परिस्थिती’ आणि ‘कुणी काय निवडलं’. पहिली वीस मिनिटं फक्त पहिला रकाना, पुढची वीस फक्त दुसरा. प्रत्येक ओळीत दोन्ही रकाने भरले गेलेच पाहिजेत. दुसरा रकाना रिकामा राहिला तर पुढच्या वेळी बदलण्याजोगं काही हाती लागत नाही. पहिला रिकामा राहिला तर माणूस बदलतो आणि तीच चूक नवा माणूस करतो.

वेळापत्रक आणि अपवाद

मध्यम आकाराच्या निर्णयाला हे सगळं अकरा कामकाजाच्या दिवसांत बसतं: पहिल्या दिवशी निर्णयपत्र, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी गाठीभेटी, सहाव्या दिवशी टिपण, आठव्या दिवशी ७५ मिनिटांची मीटिंग, नवव्या दिवशी लेखी निर्णय, आणि पुढच्या दोन दिवसांत एकेका ओळीची उत्तरं. वेळ कमी असेल तर गाठीभेटी आणि लिहून सुरुवात करणं या दोन गोष्टी राखा, बाकीचं आटोपशीर करा. वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये मीटिंगची गैरसोयीची वेळ आळीपाळीने वाटून घ्या. मध्यरात्री जागणाऱ्याचं गप्प बसणं ही त्याची संस्कृती नव्हे.

सहज फिरवता येणाऱ्या छोट्या निर्णयांना यातलं काहीही लावू नका. ते एकाने घ्यावेत आणि बाकीच्यांना कळवावेत. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला ही पद्धत लावली की लोक कंटाळतात आणि मोठ्या निर्णयाच्या वेळी उरकून टाकतात. आणीबाणीतही ती चालत नाही, तेव्हा आदेश कुणाचा हे आधीच ठरलेलं असावं. फक्त शंका काढण्याचा हक्क तिथेही प्रत्येकाकडे राहू द्या, आणि तिचं उत्तर ऐकू येईल अशा आवाजात, कारणासहित द्यायचं असा नियम करा.